घेऊन जा गे मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अजून पुरतं उजाडलेलं नसतं तेव्हा, आमच्या गावातली पोरं उठतात. आदल्या संध्याकाळी दारोदार ठेवलेले पळसाचे मेढे उचलतात आणि गल्लीबोळातून ओरडत शिवेकडे निघतात. "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! माश्या-मोंगसे घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत!" लहानपणी त्या ओरडण्यात माझाही आवाज असायचा. मेढे शिवेपलीकडे टाकले की मागे वळून पाहायचं नाही, असं आजी सांगायची. घरी येऊन अंघोळ करायची आणि उरलेल्या पुरणपोळीवर बसायचं. गाव निर्मळ झालं.

नागपुरात हाच दिवस केवढा तरी मोठा. काळी मारबत, पिवळी मारबत असे मोठाले पुतळे, आणि त्यांच्यासोबत बडगे, तेही पुतळेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ही मिरवणूक निघते आहे. वर्षभरात ज्याचा बोभाटा झाला त्याचा बडग्या होतो. कधी महागाईचा, कधी एखाद्या घोटाळ्याचा, कधी पुढाऱ्याचा. लोक त्याला शिव्या घालतात, मिरवतात आणि शेवटी जाळतात. मी एकदा मुद्दाम ही मिरवणूक पाहायला गेलो होतो. बडग्या जळताना लोकांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आपण एखाद्या गोष्टीचा बोभाटा करतो तेव्हा तिच्याकडे बघायला शिकतो, की तिला शिवेबाहेर टाकून घरी येतो?

हा प्रश्न मला पडण्याचं कारण आहे. मी नऊ वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी एका वर्तमानपत्राचा वार्ताहर होतो. यवतमाळ जिल्ह्यातला तालुका, कापसाचा मुलूख. बातमी कशाची होते आणि कशाची होत नाही, हे ठरवण्यात माझाही हात होता, आणि त्याचं ओझं माझ्याकडे आहे.

माझ्या घराशेजारी एक काका राहतात. स्वतःचं वावर नाही. दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेऊन फवारणी करतात, मजुरी पंपामागे. २०१४ च्या हंगामात एका संध्याकाळी ते घरी आले ते भिंत धरतच. डोळे लाल, तोंडातून लाळ, अंगातला सदरा घामानं चिंब. त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन लावलं आणि सोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर बसून चहा पीत होते.

"काय झालं काका?"

"काही नाही बापू, फवारा लागला."

बस्स. आमच्याकडे ऊन लागतं, हवा लागते, तसा फवारा लागायचा. लागणाऱ्या गोष्टीत दोष कोणाचाच नसतो. त्याच खोलीत आणखी दोघं होते, त्यांनाही फवारा लागलेला. मी ते पाहिलं, घरी आलो आणि त्या रात्री दुसरीच कसली तरी बातमी पाठवली. कुठल्या तरी उद्घाटनाची असावी. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात असे लोक दवाखान्यात येतात हे मला ठाऊक होतं. डॉक्टरला ठाऊक होतं, कृषी केंद्रवाल्याला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

मग २०१७ आलं. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली होती. हवा दमट, वारा पडलेला. रसशोषक किडी आणि गुलाबी बोंडअळीच्या धास्तीनं कास्तकार दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. हातानं दांडा मारायच्या पंपाच्या जागी बॅटरीवर चालणारे चायना पंप आले होते. त्यांचा फवारा जोरात आणि धुक्यासारखा बारीक. उंच पिकात उभा असलेला माणूस त्या धुक्यातच दिवसभर श्वास घ्यायचा. सप्टेंबर संपता संपता यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात खाटा कमी पडू लागल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बातमी मुंबईला पोचली, मग दिल्लीला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले. शेकडो लोक दाखल झाले, त्यातल्या काहींची नजर गेली होती.

बोभाट्यानं केलेलं पहिलं काम मला फार मोठं वाटतं आणि ते मी कधीच नाकारणार नाही. त्यानं शब्द बदलला. एका आठवड्यात "फवारा लागला" हे बोलणं बंद झालं आणि "विषबाधा" हा शब्द गावात आला. विषबाधा म्हटलं की विष कोणी बनवलं, कोणी विकलं, कोणी शिफारस केली, कोणी वापरायला लावलं, हे सगळं ओघानं येतं. जे हवामानासारखं वाटत होतं ते माणसांनी केलेलं आहे, हे गावाला कळलं. माझ्यासारख्या माणसाला तीन वर्षं त्या दवाखान्यात उभं राहून जे कळलं नव्हतं, ते एका आठवड्यात कळलं.

दुसरं काम मात्र बोभाट्यानं लगेच केलं. त्याला दोषी हवा होता, आणि तो सगळ्यांत जवळ उभा असलेला सापडला. गाड्या आल्या, कॅमेरे आले. खाटेवरच्या माणसाला पहिला प्रश्न विचारला गेला तो हा: मास्क घातला होता का? हातमोजे? चष्मा? आमच्या काकांनाही कोणीतरी विचारलं. ते त्या वर्षी आजारी पडले नव्हते, पण पंप घेऊन वावरातून येताना रस्त्यात सापडले. काका म्हणाले, "पंपासंगं मास्क कोन देते साहेब?" ते दाखवलं गेलं नाही. चौकशी पथक नेमलं गेलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, कृषी केंद्रांची झडती झाली, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. सुरक्षा किट वाटले गेले. अंगभर प्लास्टिकचा झगा आणि तोंडाला जाड मास्क. ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचं ओझं घेऊन तो झगा घालून दोन तास चालून पाहावं. आमच्या गावात ते किट दोन दिवस वापरले गेले. पुढे एक जण ते पावसात डोक्यावर घेऊन गुरं चारायला जाताना मला दिसला.

मेलेल्यांपैकी आणि आजाऱ्यांपैकी कितीतरी जण काकांसारखे भूमिहीन होते. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात विम्याच्या योजनेला सातबारा लागायचा. ज्याच्या फुप्फुसात विष गेलं त्याच्या नावावर जमीन नाही, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे तो धुऱ्यावर उभा. ही गोष्ट त्या महिन्याभराच्या गदारोळात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मीही एका चौकटीत चार ओळी दिल्या. त्या छापून आल्या तेव्हा दिवाळी होती.

डिसेंबरात कॅमेरे निघून गेले. मेढे शिवेपलीकडे टाकून झाले होते.

याउलट घडलेली एक गोष्ट आमच्याच विदर्भातली आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. देशभर तो खटला तिच्या नावानं ओळखला जातो, पण मी ते नाव इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी ठरवलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता.

घटनेला सात वर्षं झाली तरी देशात कुठेही बोभाटा नव्हता. मग सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी निकाल ओळ न् ओळ वाचला होता. भीतीनं गप्प राहणं आणि संमती देणं यात फरक असतो, हा त्यांचा मुद्दा होता. त्या पत्रावरून पुढच्या वर्षी शहराशहरांत बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत झालेल्या अत्याचारात बाई "मी संमती दिली नव्हती" असं कोर्टात म्हणाली, तर कोर्टानं तेच गृहीत धरायचं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरला. आज या देशातल्या कुठल्याही ठाण्यात पाऊल टाकणारी बाई देसाईगंजच्या त्या मुलीची थोडी तरी देणेकरी आहे.

या दोन बोभाट्यांत फरक काय, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होतो. देसाईगंजची घटना यवतमाळपेक्षा जास्त भयंकर होती असं नाही. मला सापडलेला फरक असा की १९७९ मध्ये बोभाटा सुरू व्हायच्या आधी कोणीतरी कागद वाचून ठेवले होते. नेमकं काय चुकलं, कुठल्या कलमात चुकलं, काय बदललं पाहिजे, हे पत्रात लिहिलेलं होतं. लोक चिडले तेव्हा त्यांच्या हातात मागणी होती. आणि चिडणाऱ्यांनी चार वर्षं पाठ सोडली नाही. २०१७ मध्ये आमच्या हातात आकडे नव्हते. आधीच्या हंगामांत किती जणांना फवारा लागला, कुठल्या औषधानं, कुठल्या मिश्रणानं, याची वही कोणाकडे नव्हती. ती वही ठेवायची जागा माझी होती. निदान आमच्या तालुक्यापुरती तरी.

त्या मुलीचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. कितीतरी वर्षांनी पत्रकार तिच्या गावी गेले तेव्हा ती मोलमजुरी करून जगत होती. कायदा सगळ्यांना मिळाला, तिच्या वाट्याला तिचं नाव आलं. बोभाट्याचा हिशेब मांडताना हा खर्च धरलाच पाहिजे असं मला वाटतं. ज्याच्या दुःखावरून समाज शिकतो, त्याची फी त्या माणसाच्या खिशातून जाते, आणि ती देशील का असं त्याला कोणी विचारत नाही.

सिंचनाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना माझा आवाज चढतो. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली, पंतप्रधानांच्या हस्ते. खर्चाचा पहिला अंदाज ३७२ कोटींचा, भिजायची होती अडीच लाख हेक्टर जमीन. पुढे तो खर्च १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. २०१२ मध्ये जलसंपदा खात्यातलेच एक मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी वरिष्ठांना पत्र लिहून राज्यातल्या सिंचन प्रकल्पांतल्या गैरकारभारावर बोट ठेवलं. पत्र बाहेर आलं, राज्य हादरलं. सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. श्वेतपत्रिका निघाली. डिसेंबरात त्यांनी पुन्हा शपथ घेतली. समिती, चौकशी, गुन्हे, आणि वर्षांनंतर त्यातल्या काही फायली बंद.

त्या सगळ्या वर्षांत मी पारावर, पानटपरीवर, एसटीत, या विषयावर शेकडो वेळा बोललो आणि ऐकलं. प्रश्न कायम एकच असायचा: पैसा कोणी खाल्ला? पाणी नेमकं कुठं अडलंय, मुख्य कालवा झाला तर पाटचऱ्या का झाल्या नाहीत, हे विचारणारा माणूस क्वचित भेटला. खाणाऱ्याचं नाव घेतलं की बडग्या उभा राहतो, मिरवता येतो. पाटचरीचा बडग्या होत नाही. आणि वावर भिजतं ते शेवटी पाटचरीनं.

९ जानेवारी २०२१ ची पहाट. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या दिवशी विदर्भातल्या कुठल्या घरात चूल नीट पेटली असेल असं मला वाटत नाही. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. मधले दहा महिने आदेश प्रवास करत होते. याच्यावर मी आणखी काही लिहू शकत नाही.

आणि ज्याचा बोभाटा होतच नाही ते? जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांतल्या लोकांचे केस चार-पाच दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. "टक्कल व्हायरस" असं नाव पडलं. देशभरातून पथकं आली. पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले, रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर चर्चा झाली. बरं झालं पथकं आली. पण तोच सगळा टापू पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्याला लागून आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या शेकडो गावांत पिढ्यान् पिढ्या लोक खारं पाणी पितात. मूत्रपिंडाच्या आजारानं घरातला कर्ता माणूस जातो, वर्षा-दोन वर्षांनी त्याचा भाऊ जातो. ते हळूहळू होतं. केसांचा पुंजका कॅमेऱ्यापुढे हातात धरून दाखवता येतो, मूत्रपिंड दाखवता येत नाही. बोभाट्याला नवल लागतं, आणि खेड्यातलं बहुतेक दुःख जुनंच असतं.

म्हणून गडचिरोलीत डॉक्टर बंग दाम्पत्यानं केलेलं काम मला या सगळ्यात वेगळं दिसतं. गावागावांत बाळं किती जन्मली, किती गेली, कशानं गेली, हे त्यांनी मोजलं, मोजत राहिले. गावातल्याच बायांना बाळ तपासायला शिकवलं. १९९९ मध्ये ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं. मध्ये बारा वर्षं गेली. कोणी राजीनामा दिला नाही, कुठे पुतळा जळला नाही.

तरीही मी बोभाट्याच्या विरोधात उभा राहू शकत नाही. २०१७ झालं नसतं तर काका आजही "फवारा लागला" म्हणाले असते. विषबाधित कुटुंबं त्या गदारोळानंतर एकत्र आली, त्यांची संघटना झाली, आणि २०२१ मध्ये त्यांतल्या तीन घरांनी पार स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कोर्टात औषध कंपनीवर दावा लावला. बातम्या संपल्यानंतर चार वर्षांनी. पोलिसांच्या आणि रुग्णालयाच्या कागदांत औषधाचं नाव लिहिलेलं होतं, म्हणून ते शक्य झालं. असा कागद ज्यांच्याकडे नव्हता, त्यांचं माणूस तेवढंच गेलं होतं.

हे नाव लिहिलेलं असणं किती महत्त्वाचं आहे ते मला एका डॉक्टरनं त्याच वर्षी समजावलं. फॉस्फरस गटातल्या औषधाची बाधा असेल तर अ‍ॅट्रोपिन देता येतं. दुसऱ्या काही औषधांवर उतारा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. माणूस बेशुद्ध येतो. सोबतच्यांना विचारलं की कोणतं औषध, तर ते म्हणतात, तीन एकत्र केली होती, डबे वावरात राहिले. नळीत रक्त घेऊन तपासायची सोय तालुक्याला कुठली. डॉक्टर म्हणाला, "भाऊ, मला नुसता डब्याचा कागद आणून दिला असता ना."

२०१८ च्या पोळ्यानंतर मी एक वही घातली. वार्ताहरकी तोवर सुटली होती. तारीख, वावर कोणाचं, औषध कोणतं, मिश्रण कशाकशाचं, पंप किती, रात्री काही झालं का. सुरुवातीला लोक हसले. मग फवारणी करणारे सात-आठ जण रोज संध्याकाळी अंगणात येऊन सांगू लागले. आमच्या गावातल्या आशाताईंनी त्यात एक रकाना वाढवला: अंघोळ केली का. कृषी केंद्रवाला आधी नाराज झाला, आता तोच बिलावर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून देतो. वारा समोरून असेल तर पंप उचलायचा नाही, एवढं तरी आता आमच्या पोरांना ठाऊक आहे. या वहीनं किती जीव वाचले ते मला सांगता येणार नाही. दोनदा मात्र माणसाबरोबर कागदही दवाखान्यात पोचला, आणि दोघंही परत आले.

काकांना वाचता येत नाही. डब्यावरचा त्रिकोण मात्र ते ओळखतात. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. डबा उघडला की त्याचा कागद सोलून ते सदऱ्याच्या खिशात ठेवतात, आणि तो खिसा वरून शिवणीच्या पिननं बंद करतात.

परवा संध्याकाळी अंघोळ करून ते आले. केस ओले होते. ओट्यावर बसले, खिशातून घडी केलेले दोन कागद काढले आणि माझ्यासमोर ठेवले. एकावर पिवळा त्रिकोण, दुसऱ्यावर निळा.

"लिही बापू. अकरा पंप. पऱ्हाटी आता छातीले लागली."

मी तारीख टाकली. काका वहीत डोकावून, आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते बोटानं शोधत होते.